पीएनजीच्या मागे पांढरा चौकोन येतोय? परत खोडायला बसू नका, आधी अल्फा कुठे गेला ते शोधा

डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची डिझाइनं करण्याचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, गणपतीच्या आधीचा महिना आणि लग्नसराई या दोन सीझनला हाच एक प्रॉब्लेम सारखा सारखा येतो. मंडळाचा लोगो बॅनरवर टाकला की मागे पांढरा ठोकळा. दुकानाच्या बिलबुकावर मालकाची सही टाकली की सहीभोवती करडा डाग. मी हे इतक्यांदा दुरुस्त करून दिलंय की आता फाईल बघायच्या आधी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फाईल तुमच्याकडे आली कशी?" कारण बहुतेक वेळा बॅकग्राउंड नीटच काढलेलं असतं, कुणीतरी मेहनतीने काढलेलं असतं, पण पुढे कुठेतरी पारदर्शकता गळून पडते आणि लोक परत पहिल्यापासून इरेजर घेऊन बसतात. रात्र जाते आणि सकाळी परत पांढरा चौकोन तिथेच.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं ते ओळखा.

चित्रामागे पांढरा चौकोन येतो. किंवा काळा चौकोन येतो, विशेषतः मोबाईलवर.

मागे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात आणि त्या चौकटी चक्क बॅनरवरही दिसतात.

इरेजर फिरवला की खालचं दिसत नाही, पांढरा किंवा भलताच रंग लागत जातो.

बॅकग्राउंड गेलंय पण कडेने पांढरी बारीक रेघ राहते, गडद रंगावर ठेवलं की चांगलीच दिसते.

कडा दातेरी येतात, कात्रीने वाकडंतिकडं कापल्यासारख्या.

सगळं चित्रच फिकट पडतं, शर्टातून मागचं दिसतं, डोळ्यातला पांढरा भाग गायब.

आणि शेवटचं, स्क्रीनवर सगळं बरोबर पण छापून आल्यावर लोगोभोवती हलका चौकोन.

थोडक्यात अल्फा म्हणजे काय ते सांगतो, कारण खालचं सगळं त्यावरच उभं आहे. चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. पारदर्शक चित्रात चौथा आकडा असतो तो अल्फा. ० म्हणजे पिक्सेल अजिबात दिसत नाही, २५५ म्हणजे पूर्ण भरीव, मधले आकडे म्हणजे अर्धवट, काचेसारखे. म्हणजे पारदर्शक हा काही रंग नाही, ती वेगळी माहिती आहे आणि ती साठवायला फाईलमध्ये जागा लागते. जेपीजीत ती जागाच नाही. पीएनजी १९९६ साली आलं त्यात ती आहे, वेबपीमध्ये आहे, टिफमध्ये आहे. जिफमध्ये आहे पण तिथे पिक्सेल एकतर आहे नाहीतर नाही, मधलं काही नाही, म्हणून जिफच्या कडा कायम दातेरी.

आता तपासणी. सोप्यापासून सुरू करतोय, पहिल्या तीनला सॉफ्टवेअरमध्ये काही दुरुस्त करायचं नाहीये, फार तर उघडून बघायचं.

फाईल कुठल्या रस्त्याने आली

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली पीएनजी समोरच्याला जेपीजी होऊन मिळते, आणि जेपीजी झाली की अल्फा गेला, तो परत येत नाही. आलेल्या फाईलचं नाव बदलून शेवटी पीएनजी लिहिलं तरी काही उपयोग नाही, नाव बदलतं, आतला माल तोच राहतो. पाठवणाऱ्याला सांगा की बाबा डॉक्युमेंट म्हणून पाठव, पिनचं चिन्ह दाबून डॉक्युमेंट निवडायचं, गॅलरीतून नाही. किंवा ईमेल कर, ड्राइव्हवर टाक. सगळ्यात आधी हे बघायचं कारण यात पैसा नाही, मेहनत नाही, आणि पांढऱ्या चौकोनाच्या बऱ्याच केसेस इथेच संपतात.

मध्ये कुणी ती फाईल विंडोजच्या जुन्या पेंटमध्ये उघडून थोडी क्रॉप करून सेव्ह केली असेल तरी तेच होतं. मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून पाठवला तरी तेच. स्क्रीनशॉटमध्ये पारदर्शक काही नसतंच, स्क्रीनवर जे दिसत होतं त्याचा सरळ फोटो असतो तो.

काळा चौकोन खरा आहे का

मोबाईलची गॅलरी किंवा एखादा व्ह्यूअर पारदर्शक जागेत काळं दाखवतो. फाईल ठणठणीत असते, फक्त मागे काळी पाटी असते. म्हणून गॅलरीत बघून निर्णय घेऊ नका, कुठल्यातरी रंगीत चित्रावर ठेवून बघा. गिम्पमध्ये (फोटोशॉपसारखं मोफत सॉफ्टवेअर) रंगीत चित्र उघडा आणि तुमची पीएनजी त्यावर ओढून टाका, मागचं दिसलं तर फाईल चांगली आहे, इथेच थांबा.

खरंच काळं आलं असेल तर त्याचंही कारण आहे. पूर्ण पारदर्शक पिक्सेलला पण तीन रंगांचे आकडे असतातच, आणि पुष्कळ सॉफ्टवेअर तिथे ०, ०, ० लिहून ठेवतात, म्हणजे काळा. अल्फा असेपर्यंत तो काळा झाकलेला असतो, अल्फा उडाला की वर येतो. म्हणजे काळा चौकोन दिसला की समजायचं, बॅकग्राउंड कुणीतरी नीट काढलं होतं आणि नंतरच्या कुठल्यातरी सेव्हमध्ये अल्फा गेला. अशी केस हातात आली की मला बरंच वाटतं, कारण चांगली फाईल कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर नक्की पडलेली असते, ती मागवायची.

चौकटी खऱ्या की छापलेल्या

इंटरनेटवर पीएनजी म्हणून शोधून जी चित्रं मिळतात त्यात हे फार. महाराजांची मुद्रा, तोरण, मोर, कलश, काहीही शोधा, थंबनेलमध्ये मागे करड्या चौकटी दिसतात, आपल्याला वाटतं पारदर्शक आहे, उतरवून घेतो, आणि चौकटी चित्रातच रंगवलेल्या निघतात. ओळखायची पद्धत एकदम सोपी. फाईल गिम्पमध्ये उघडा आणि झूम करा. खऱ्या पारदर्शक जागेतल्या चौकटी स्क्रीनवर तेवढ्याच आकाराच्या राहतात, चित्र मोठं होतं पण चौकटी मोठ्या होत नाहीत. छापलेल्या चौकटी चित्राबरोबर मोठ्या होतात, आणि जवळून त्यांच्या कडेला जेपीजीची भुरकट घाणही दिसते. छापलेल्या निघाल्या तर ती फाईल सोडून द्या, दुसरी शोधा. चौकटी निवडून निवडून काढायला जाऊ नका, दोन रंग आणि मध्ये मिसळलेले पन्नास, कडा कधीच स्वच्छ येत नाहीत.

लेयरला अल्फा आहे का

इरेजर फिरवला की पांढरं लागतं, ही तक्रार बहुतेक वेळा इथली. गिम्पमध्ये जेपीजी उघडली की त्या लेयरला (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एक थर) अल्फा चॅनल, म्हणजे अल्फाचे आकडे ठेवायची जागा नसते. मग खोडलं की पारदर्शक करायला जागाच नाही म्हणून गिम्प टूलबॉक्समधला मागचा रंग भरतो, तो पांढरा असेल तर पांढरा, चुकून लाल असेल तर लाल. लेयरच्या पॅनलमध्ये नाव ठळक अक्षरात दिसलं की समजा अल्फा नाही. लेयर मेनूत ट्रान्सपरन्सीमध्ये जाऊन ॲड अल्फा चॅनल दाबा, नाव साध्या अक्षरात येईल, आता खोडलं की चौकटी दिसतील. ते ऑप्शन पुसट दिसत असेल तर अल्फा आधीच आहे, मग दोष दुसरीकडे आहे.

फोटोशॉपमध्ये हेच बॅकग्राउंड नावाच्या कुलूपवाल्या लेयरमुळे होतं. कुलपावर क्लिक करून तो साधा लेयर करून घ्या. तरीही रंगच लागत असेल तर लेयर पॅनलमध्ये वर जे लॉकचे छोटे आयकॉन आहेत त्यातला पहिला, चौकटीवाला, दाबलेला आहे का बघा. तो लॉक ट्रान्सपरंट पिक्सेल्स. की-बोर्डवर तिरकी रेघ चुकून दाबली गेली तरी लॉक लागू शकतं, त्यामुळे लोकांना कळतच नाही की कधी लागलं.

फोटोशॉपवाल्यांचा अजून एक घोळ सांगतो. चॅनल्सच्या पॅनलमध्ये सिलेक्शन सेव्ह केलं की तिथे अल्फा १ असं नाव येतं आणि माणसाला वाटतं झालं काम, आता पारदर्शक होणार. नाही होत. तो चॅनल म्हणजे जपून ठेवलेलं सिलेक्शन आहे फक्त, लेयरची पारदर्शकता वेगळी. कंट्रोल दाबून त्या चॅनलच्या चित्रावर क्लिक करा, सिलेक्शन परत येईल, मग लेयरवर जाऊन मास्क (नको तो भाग लपवणारा पडदा) लावा, तेव्हा ते पारदर्शक होतं आणि पीएनजीत जातं.

इथेच माझा कळकळीचा सल्ला, इरेजर वापरूच नका, मास्क वापरा. गिम्पमध्ये लेयरवर राइट क्लिक करून ॲड लेयर मास्क, पांढरा निवडा. मास्कवर काळ्या ब्रशने रंगवलं की लपतं, पांढऱ्याने रंगवलं की परत येतं, करड्याने अर्धवट. कान कापला गेला तर पांढऱ्याने परत आणता येतो. खोडलेला कान फाईल बंद केल्यावर येत नाही. मास्क लावला आणि रंग थेट फोटोवरच लागतोय असं झालं तर लेयर पॅनलमध्ये मास्कच्या छोट्या चित्रावर एकदा क्लिक करा, तुम्ही फोटोवर उभे आहात, मास्कवर नाही.

एक्सपोर्ट करताना काय निवडलं

आत सगळं नीट, बाहेर पडताना गेलं. गिम्पमध्ये पीएनजी एक्सपोर्टची जी खिडकी येते तिच्यात पिक्सेल फॉरमॅटची यादी असते, तिथे ऑटोमॅटिक ठेवा किंवा शेवटी ए असलेला, आरजीबीए (लाल, हिरवा, निळा आणि अल्फा). कुणी आधी नुसतं आरजीबी निवडून ठेवलं असेल तर अल्फा गेला. फोटोशॉपच्या एक्सपोर्ट ॲजमध्ये ट्रान्सपरन्सीची टिक असते. सेव्ह फॉर वेब वापरत असाल तर पीएनजी-२४ घ्या, पीएनजी-८ नको, त्यात अर्धवट पारदर्शक पिक्सेल राहत नाहीत आणि कडा दातेरी येतात. कोरलड्रॉमधून पीएनजी काढतानाही पारदर्शकतेची टिक बघून घ्या.

दातेरी कडांचं दुसरं कारण इंडेक्स्ड मोड, म्हणजे चित्रात मोजकेच ठरावीक रंग ठेवणारा मोड. गिम्पमध्ये इमेज मेनूत मोड बघा, इंडेक्स्डवर असेल तर आरजीबीवर आणा, पण आधीच दातेरी झालेल्या कडा त्याने गुळगुळीत होत नाहीत, मूळ फाईलवरून परत काढावं लागतं. म्हणून लेयरवाली मूळ फाईल, गिम्पची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी, कधी डिलीट करू नका, पीएनजी म्हणजे फक्त त्याची काढलेली कॉपी.

कडेची पांढरी रेघ

आता खरं अवघड काम, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण लोक इथेच हरतात.

रेघ का येते ते एका पिक्सेलवर बघू. पांढऱ्या कागदावर काळं अक्षर आहे. अक्षराच्या अगदी कडेचा पिक्सेल अर्धा काळा अर्धा पांढरा, म्हणजे १२८ चा करडा. तुम्ही बॅकग्राउंड काढलं, सॉफ्टवेअरने त्या कडेच्या पिक्सेलला अर्धी पारदर्शकता दिली, पण त्याचा रंग १२८ च राहिला. आता हे अक्षर काळ्या पट्टीवर ठेवा. हिशोब असा, चित्राचा रंग गुणिले अल्फा, अधिक मागचा रंग गुणिले उरलेला भाग. १२८ चा अर्धा ६४, काळ्याचा अर्धा ०, उत्तर ६४. काळ्यावर काळं अक्षर दिसायलाच नको होतं, पण ६४ ची करडी रेघ अक्षराभोवती फिरते. म्हणजे अल्फा बरोबर आहे, रंगात जुना पांढरा मुरलेला आहे. म्हणून कडा फेदर (मऊ) करून रेघ जात नाही, ती फक्त पसरते आणि अजून वाईट दिसते.

आधी ती नीट दिसली पाहिजे. तुमच्या लेयरखाली एक नवा लेयर टाकून गडद लाल भरा, मग तोच काळा करून बघा. चौकटींवर काम करत राहिलात तर रेघ दिसत नाही कारण चौकटीही फिक्याच.

उपाय सोप्यापासून. फोटोशॉपमध्ये लेयर मेनूत मॅटिंग आहे, त्यात डीफ्रिंज, १ पिक्सेल द्या. पांढऱ्यावरून कापलेलं असेल तर तिथलंच रिमूव्ह व्हाइट मॅट करून बघा. गिम्पमध्ये मी असं करतो, लेयर मेनूत ट्रान्सपरन्सीमधून अल्फा टू सिलेक्शन, मग सिलेक्ट मेनूत श्रिंक १ पिक्सेल, मग इन्व्हर्ट करून डिलीट. बहुतेक लोगोंना एवढं पुरतं.

एवढ्याने आकार बारीक होत असेल, उदाहरणार्थ पत्रिकेवरचं नाजूक अक्षर, तर कापू नका, रंगवा. लेयर पॅनलमधलं लॉक अल्फा दाबा, आता ब्रशने पारदर्शकता बदलणार नाही, फक्त रंग बदलेल. अक्षराच्या आतला रंग उचला आणि कडेवरून सरळ ब्रश फिरवा. तो १२८ होता तो ० होतो, अर्धी पारदर्शकता तशीच राहते, वरचा हिशोब परत मांडा, उत्तर ० येतं, रेघ गेली. फोटोतल्या माणसाला पण हेच चालतं, केसाच्या कडेला केसाचा रंग, खांद्याला शर्टाचा रंग, मऊ ब्रश घ्या आणि सावकाश करा.

सही आणि शिक्क्यासाठी मात्र वेगळा रस्ता, आणि तो फार सुंदर आहे. गिम्पमध्ये कलर टू अल्फा. हे पांढरा निवडून कापत नाही, प्रत्येक पिक्सेलमधून पांढरा वेगळा काढतं. तो १२८ चा करडा पिक्सेल अर्धा पारदर्शक काळा होऊन बाहेर येतो, म्हणजे वर आपण हाताने जे केलं ते आपोआप. सहीचा मोबाईलवर फोटो काढला असेल तर कागद पांढरा नसतो, करडा-पिवळा असतो, तेच ते करड्या डागाचं कारण. आधी कलर्स मेनूत लेव्हल्स उघडा, पांढऱ्याचा ड्रॉपर घेऊन कागदावर क्लिक करा, कागद पांढरा शुभ्र झाला की मग कलर टू अल्फा. निळ्या शाईची सही एकदम शाईने केल्यासारखी बसते.

पण हेच माणसाच्या फोटोवर केलं की डोळे, दात, पांढरा शर्ट, सगळ्यातून मागचं दिसायला लागतं. फिकट पडण्याची जी तक्रार वर सांगितली ती इथून येते. फोटोला मास्क, सहीला कलर टू अल्फा.

आणि सही-शिक्क्याची फाईल बॅकग्राउंड काढून देणाऱ्या कुठल्याही अनोळखी साइटवर चढवू नका. दोन मिनिटांचं काम स्वतःच्या कॉम्प्युटरवर होतं, त्यासाठी कंपनीचा शिक्का परक्याच्या सर्व्हरवर कशाला ठेवायचा.

छापताना येणारा चौकोन

फ्लेक्सला शक्यतो पारदर्शक फाईल लागतच नाही. लोगो बॅनरवर बसवा, पूर्ण बॅनर फ्लॅटन करून (सगळे लेयर एकात मिसळून) एकच टिफ किंवा जेपीजी द्या, चौकोनाचा प्रश्नच उरत नाही.

ऑफसेटचं, म्हणजे प्लेट काढून होणाऱ्या छपाईचं, तसं नाही. पीएनजीत सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) नसतं, आरजीबीच असतं. सावली असलेली आरजीबी पीएनजी सीएमवायके पानावर ठेवली आणि पुढे फ्लॅटनिंग झालं की जिथपर्यंत पीएनजीची चौकट तिथपर्यंतचा रंग किंचित वेगळा येऊ शकतो, तोच तो हलका चौकोन. प्रेसवाल्यांनी पीडीएफ एक्स-१ए (छपाईसाठीचा पीडीएफचा एक प्रकार) मागितली असेल तर त्यात जिवंत पारदर्शकता चालतच नाही, सगळं फ्लॅट होऊन जातं, एक्स-४ मध्ये चालते. प्रेसला विचारून घ्या, फोनवर एका मिनिटाचं काम आहे. पीडीएफमध्ये लोगोजवळ पांढऱ्या केसासारख्या रेघा दिसल्या तर झूम करा, झूम केल्यावरही तेवढ्याच बारीक राहिल्या तर तो सहसा स्क्रीनचा खेळ असतो, जाड होत गेल्या तर खऱ्या आहेत आणि छापल्या जातील.

टी-शर्टचं डीटीएफ प्रिंट, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग कापडावर दाबतात ते, यात उलटं आहे. तिथे अल्फा लागतोच, आणि चित्राखाली पांढरी शाई बसते. अर्धवट पारदर्शक पिक्सेलखालीही पांढरी शाई बसली की मऊ सावलीच्या जागी काळ्या टी-शर्टवर पांढुरकी कड येते. तिथे सावली काढून टाका आणि गिम्पमध्ये ट्रान्सपरन्सीमधलं थ्रेशोल्ड अल्फा करा, म्हणजे पिक्सेल एकतर पूर्ण राहील नाहीतर पूर्ण जाईल. स्क्रीनवर कडा थोड्या कडक दिसतील, छापल्यावर चांगल्या दिसतात. मात्र हे फुल साइजच्या चित्रावरच करा, छोटं चित्र मोठं करून नाही.

कधी थांबायचं

तुमच्याकडे लोगोची फक्त दोनशे-तीनशे पिक्सेलची जेपीजी आहे आणि तो दुकानाच्या बोर्डावर जायचाय, तर पारदर्शकतेवर वेळ घालवू नका. कोरल किंवा इंकस्केपवाल्या चांगल्या डिझायनरकडून तो व्हेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेलं चित्र) परत काढून घ्या. एकदा खर्च होईल आणि त्यानंतर कुठल्याही मापात, कुठल्याही रंगावर चालेल.

नवरीचे मोकळे केस, जाळीदार ओढणी, काचेची भांडी, धूर, अशा गोष्टींचं कटिंग तासाभरात जमलं नाही तर रिटचिंग करणाऱ्याला द्या. तिथे प्रत्येक पिक्सेलचा अल्फा वेगळा असतो आणि रंगात मुरलेलं मागचं बॅकग्राउंड काढायला सवयीचा हात लागतो.

पत्रिकेवर सोनेरी किंवा कुठलाही स्पॉट कलर (चार शाया मिसळून नाही, वेगळ्या तयार शाईने छापला जाणारा रंग) आहे आणि त्यावर सावली किंवा पारदर्शक चित्र येतंय, तर फाईल स्वतः फ्लॅटन न करता प्रेसच्या प्रीप्रेस ऑपरेटरशी (छपाईआधी फाईल तयार करणाऱ्याशी) बोला आणि प्लेट निघायच्या आधी प्रूफ मागा. एकदा प्लेट निघून माल छापला की तो खर्च तुमच्या अंगावर.

डिझायनर असो की ऑपरेटर, त्याच्याकडे जाताना तीन गोष्टी घेऊन जा. लेयरवाली मूळ फाईल असेल तर ती, तुम्ही काढलेली पीएनजी, आणि ज्या रंगावर किंवा डिझाइनवर ती बसवायची आहे ते डिझाइन. पेन ड्राइव्हवर द्या किंवा ईमेलने, आणि व्हॉट्सॲपच करायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच.